पाटी कोणी काढली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत 'हिडन फिगर्स' या अमेरिकन सिनेमावर अर्धं पान लेख आला आहे. विज्ञान दिनाच्या निमित्तानं काही शाळांनी तो मुलांना दाखवला, मुलांनी कुठे टाळ्या वाजवल्या, बाईंचे डोळे कुठे पाणावले, असं सगळं त्यात आहे. सोबत सिनेमातला फोटो आहे. गोरा साहेब हातात पहार घेऊन स्वच्छतागृहावरची 'कलर्ड', म्हणजे काळ्यांसाठी, अशी पाटी तोडतो आहे आणि खाली ओळ छापली आहे, 'एका घावानं इतिहास बदलला'. माझं हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. तो घाव कोणी घातलाच नव्हता. तो प्रसंग सिनेमावाल्यांनी रचलेला आहे आणि तो साहेबही रचलेलाच आहे.

सिनेमा चांगला आहे, हे आधी सांगून टाकते, नाहीतर म्हातारीला काही आवडतच नाही असं व्हायचं. तराजी हेन्सन, ऑक्टेव्हिया स्पेन्सर आणि जनेल मोने या तिघींनी कामं झकास केली आहेत. कॅथरीन जॉन्सन, डोरोथी वॉन आणि मेरी जॅक्सन या तीन काळ्या गणितज्ञ बायकांची नावं अमेरिकेतसुद्धा घरोघरी पोचली ती मार्गो ली शेटर्ली यांच्या २०१६ च्या पुस्तकामुळे आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या या सिनेमामुळे. माझी नात नववीत आहे. गणित म्हटलं की तिला झोप येते. सिनेमा संपल्यावर तिनं 'आजी, ऑयलरची पद्धत म्हणजे काय गं?' असं विचारलं, तेवढ्यासाठीसुद्धा मी दिग्दर्शकाचे आभार मानीन. पण पहारीच्या प्रसंगाला तिनंही टाळ्या वाजवल्या. मग मात्र मला गप्प बसवेना.

मी बोलणारी कोण, तेही सांगते. माझे वडील दौंडला रेल्वेत खलाशी होते. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि १९६९ साली पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत आकडेमोडीच्या विभागात राखीव जागेवर लागले. नासाच्या लँग्ली केंद्रात या बायका ज्या पदावर होत्या तेच आमचं पद, 'कॉम्प्युटर', म्हणजे आकडेमोड करणारी गणक. मेजावर फॅसिट कंपनीचं आकडेमोडीचं यंत्र असायचं. आकडे लावायचे आणि उजव्या हातानं दांडा फिरवायचा. पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. भागाकार म्हणजे लागोपाठ वजाबाकी. घंटी वाजली की समजायचं, एक फेरा जास्तीचा झाला. तो पुढे फिरवून भरून काढायचा, गाडी एक घर सरकवायची, पुन्हा सुरू. प्रत्येक तक्ता दोघींनी एकमेकींना न विचारता करायचा आणि शेवटी जुळवायचा. जुळला नाही तर आधी भांडण, मग दोघींनीही पहिल्यापासून. संध्याकाळी भाकरी थापताना खांदा बोलायचा.

म्हणून सिनेमातला जॉन ग्लेनचा प्रसंग मला पटेना. ग्लेन अवकाशात निघायच्या तयारीत आहे, नव्या आयबीएम संगणकाच्या आकड्यांवर त्याचा विश्वास नाही, तो म्हणतो 'त्या मुलीकडून तपासून घ्या', कॅथरीन धावतपळत गणित करते आणि कागद घेऊन नियंत्रण कक्षाकडे पळत सुटते. ग्लेननं तसं सांगितलं होतं, हे खरं आहे. पण ते उड्डाणाच्या आधीच्या दिवसांतलं. कॅथरीनबाईंनी मेजावरच्या यांत्रिक गणनयंत्रावर सगळी समीकरणं संगणकाला दिलेल्याच आकड्यांवरून पुन्हा केली आणि त्याला दीड दिवस लागला. २० फेब्रुवारी १९६२ ला ग्लेन पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारून अटलांटिक महासागरात सुखरूप उतरला. त्या दीड दिवसात पळापळ नाही, पावसात भिजणं नाही, दार तोंडावर आपटणं नाही. एक बाई खुर्चीत बसून आकडे मांडते आहे, एवढंच. ते पडद्यावर कसं दाखवणार, हे मला कळतं. पण ज्यानं हे काम केलं आहे त्याला विचारा, शौर्य त्या बसण्यातच आहे. आणि 'मुलगी' म्हणजे कोण, तर त्रेचाळीस वर्षांची, तीन लेकींची आई. आमच्या कचेरीतही साहेबांच्या लेखी निवृत्तीच्या दिवसापर्यंत आम्ही 'मुली'च होतो.

आता पाटीकडे येते.

लँग्ली हे केंद्र व्हर्जिनिया राज्यात हॅम्प्टन गावी. या पाटीच्या काळात नासाचा जन्म झाला नव्हता, ते 'नाका' या विमानसंशोधन संस्थेचं होतं. गोऱ्या बायका तिथे १९३५ पासून आकडेमोड करत होत्या. काळ्या बायकांना प्रवेश मिळाला तो १९४३ मध्ये. त्यांची इमारत वेगळी, पश्चिमेकडची, म्हणून त्या 'वेस्ट कॉम्प्युटर्स'. उपाहारगृह सगळ्यांना एकच, पण मागच्या एका टेबलावर पुठ्ठ्याची पाटी ठेवलेली, 'कलर्ड कॉम्प्युटर्स'. म्हणजे विमानाच्या पंखावरचा दाब काढायला यांची अक्कल चालते, शेजारी बसून जेवायला मात्र या चालत नाहीत.

त्या पहिल्या तुकडीत मिरियम मान नावाच्या एक बाई होत्या. उंचीनं लहानखुऱ्या. रसायनशास्त्र शिकलेल्या. त्यांनी एके दिवशी ती पाटी उचलली आणि पर्समध्ये टाकली. काही दिवसांनी टेबलावर नवी पाटी आली. त्यांनी तीही उचलली. पुन्हा आली, पुन्हा उचलली. नोकरी जाईल म्हणून घरी नवरा काळजी करायचा. बाईंनी ऐकलं नाही. पाटी ठेवणारा कोण होता ते कोणालाच कळलं नाही, पण दमला तो. एक दिवस असा आला की पाटी परत आलीच नाही. हे महायुद्धाच्या वर्षांत घडलं, सिनेमातल्या पहारीच्या कितीतरी आधी. आणि या मिरियम मान सिनेमात औषधालाही नाहीत.

स्वच्छतागृहाची गोष्टही तशीच उलटी. सिनेमात कॅथरीन अर्धा मैल धावत जाते, भिजून परत येते आणि साऱ्या खोलीसमोर तिचा बांध फुटतो. खऱ्या कॅथरीनबाई १९५३ साली लँग्लीत आल्या आणि जवळच्या, कसलीही पाटी नसलेल्या स्वच्छतागृहात सरळ जाऊ लागल्या. ते फक्त गोऱ्यांसाठी आहे, हे पुढे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी लक्ष दिलं नाही. जात राहिल्या. विषय तिथेच संपला.

शोधायची पाळी आली ती मेरी जॅक्सनवर. त्याच सुमारास त्यांना पूर्वेकडच्या इमारतीत काही कामासाठी पाठवलं होतं. तिथल्या गोऱ्या बायकांना त्यांनी विचारलं, स्वच्छतागृह कुठे आहे? त्या खिदळल्या. आम्हाला काय माहीत तुमचं कुठे आहे ते! संतापानं थरथरतच मेरीबाई परत निघाल्या आणि वाटेत काझिमिर्झ चार्नेत्स्की हा अभियंता भेटला, त्याच्यापुढे त्यांनी मनात होतं ते सगळं ओकून टाकलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, माझ्याकडे कामाला या. तो विमानांच्या नमुन्यांवर ध्वनीच्या जवळजवळ दुप्पट वेगाचा वारा सोडणाऱ्या वातबोगद्यावर काम करत होता. त्या बोगद्याला साठ हजार अश्वशक्ती लागायची. तिथूनच पुढे मेरीबाई १९५८ मध्ये नासातल्या पहिल्या काळ्या महिला अभियंता झाल्या. बघा, इथेही एक भला गोरा माणूस आहेच. पण त्यानं पहार उचलली नाही. त्यानं काम दिलं. मला विचाराल तर ते जास्त अवघड.

'सिनेमा आहे बाई, थोडं तिखटमीठ लावणारच', असं आपण म्हणाल. लावू देत. साल इकडचं तिकडे केलं तर मी कुरकुर करणार नाही. डोरोथी वॉन विभागाच्या प्रभारी प्रमुख १९४९ मध्ये आणि कायम प्रमुख १९५१ मध्ये झाल्या. सिनेमात त्या १९६१ मध्येही त्या पदासाठी झगडताना दिसतात, आणि खरं तर वेगळा 'वेस्ट' विभाग १९५८ मध्येच बंद झाला होता. चालायचंच. पण पाटी काढायचं श्रेय बाईच्या पर्समधून काढून साहेबाच्या हातात दिलं, हे तिखटमीठ नाही. त्यानं पदार्थच बदलतो. नववीतली मुलगी त्यातून काय शिकते? की साहेबाला एक दिवस कळवळा येतो आणि पाटी तुटते. तोवर आपण पळायचं आणि भिजायचं.

आणि साहेबांना कळवळा येत नसतो, आणावा लागतो. काळ्या बायकांना लँग्लीचं दार उघडलं तेही कोणाच्या दयेनं नव्हे. रेल्वेच्या शयनयान डब्यांत काळे नोकर प्रवाशांची सरबराई करायचे, त्यांची युनियन होती. तिचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना बजावलं, की युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्यांना काम नाकारणं थांबलं नाही तर लाखभर माणसं वॉशिंग्टनवर चालून येतील. रूझवेल्टनी मोर्चा टाळायचे बरेच प्रयत्न केले आणि शेवटी जूनमध्ये भेदभावाला बंदी घालणाऱ्या हुकमावर सही केली. दोन वर्षांनी मिरियमबाई त्या टेबलाशी येऊन बसल्या. रॉकेटचा हिशेब करणाऱ्या बाईला खुर्ची मिळाली ती रेल्वेतल्या नोकरांच्या संघटनेनं हिसका दाखवल्यावर, हे रेल्वेच्या खलाशाच्या मुलीला भारी आवडलं. वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

सिनेमात एक प्रसंग मात्र असा आहे की तो रचलेला असला तरी त्यापुढे मी हात जोडते. गोरी वरिष्ठ बाई डोरोथीला सांगते की माझ्या मनात तुम्हा लोकांबद्दल काही वाकडं नाही. डोरोथी शांतपणे म्हणते, तुम्हाला तसं मनापासून वाटत असणार, ते मला माहीत आहे. बस्स, एवढंच. आपल्या लेखात याचा उल्लेख नाही. शाळांत याला टाळ्याही पडल्या नसणार.

'आम्ही जात-बित काही मानत नाही हं' हे वाक्य मी कचेरीत इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकू आलं की मी आपोआप डबा बंद करत असे. आमच्याकडे कुठेच पाटी नव्हती. माठ एकच होता, पेले फळीवर. तुमचा पेला वेगळा, असं मला कोणी कधी म्हणालं नाही. फक्त मी ज्या पेल्यानं प्यायले तो त्या दिवशी दुसरं कोणी उचलत नसे. दुपारी सगळ्याजणी गोल करून बसायच्या, एकमेकींच्या भाज्या चाखायच्या. माझा डबा पुढे केला की कोणाचा उपास असे, कोणाचं पोट बिघडलेलं असे, कोणी म्हणे, 'तुमचं फार तिखट असतं बाई.' आठवड्यात इतके उपास करणाऱ्या बायका मी नंतर कुठे पाहिल्या नाहीत. तक्रार कशाची करणार? पाटी असती तर मीही पर्समध्ये घालून घरी आणली असती. उपास कसा आणणार? पुढे माझे तक्ते पहिल्या फेरीत जुळतात हे लक्षात आल्यावर लांबलचक भागाकार माझ्या मेजावर यायला लागले. 'तुमचा हात चांगला आहे' असंही म्हणायच्या. डबा मात्र शेवटपर्यंत तिखटच राहिला.

अमेरिकेतल्या बायकांची गोष्ट चालली असताना ही आपलं रडगाणं कशाला लावते, असं काही वाचकांना वाटेल. त्यांना एवढंच सांगते की हे नातं मी आज जोडलेलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या भल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागवली. तुमची आणि आमची स्थिती इतकी सारखी आहे की तुमचा अभ्यास आम्हाला करावाच लागतो, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं. जोतीरावांनी ज्या देशाचे आभार मानले त्याच देशात सत्तर वर्षांनी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती, हेही तेवढंच खरं. कायदा झाला म्हणून टेबल साफ होत नाही.

डोरोथी वॉनबद्दल आणखी थोडं. लँग्लीला येण्याआधी त्या व्हर्जिनियातच फार्मव्हिल गावी, काळ्या मुलांच्या मोटन हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या. त्या तिथून गेल्यावर काही वर्षांनी, १९५१ मध्ये, त्याच शाळेत बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीनं संप घडवून आणला. वर्ग भरायला जागा नव्हती, डांबरी कागद लावलेल्या खोपटांत मुलं बसत होती, म्हणून सगळी शाळा बाहेर पडली. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांवर बंदी घालणाऱ्या १९५४ च्या गाजलेल्या निकालात सामील झाला. निकाल लागल्यावर त्या काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, काय करावं? काळी पोरं गोऱ्यांच्या शाळेत बसू नयेत म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं सरकारी शाळाच बंद ठेवल्या. अवकाशात ग्लेनच्या फेऱ्या चालल्या होत्या तेव्हा त्याच राज्यातल्या त्या गावात काळ्या मुलांच्या शाळेला कुलूप होतं. हे सिनेमात आलं असतं तर माझ्या नातीला ऑयलरपेक्षा जास्त कळलं असतं.

मेरी जॅक्सन यांना अभियंता होण्यासाठी जे वर्ग करायचे होते ते गोऱ्यांच्या हॅम्प्टन हायस्कूलमध्ये भरायचे. सिनेमात त्या कोर्टात न्यायाधीशापुढे लांब भाषण करतात. खऱ्या मेरीबाईंनी शहराकडे अर्ज केला आणि परवानगी मिळवली. परवानगी घेऊन आत गेल्या तर काय, ज्या शाळेचं दार त्यांच्यासाठी बंद होतं ती इमारत जुनाट, कुबट वासाची! पुढचं तर सिनेमात नाहीच. अभियंता म्हणून वर चढायची वाट खुंटल्यावर १९७९ मध्ये त्यांनी स्वतःहून खालचा दर्जा पत्करला आणि नासातल्या बायकांच्या भरती-बढतीचं काम हाती घेतलं. मागून येणाऱ्या मुली अडकू नयेत म्हणून. १९८५ मध्ये त्या निवृत्त झाल्या, २००५ मध्ये गेल्या. आज वॉशिंग्टनमधल्या नासाच्या मुख्यालयाला त्यांचंच नाव आहे. सरकारी नोकरीत बढती काय चीज असते हे ज्याला माहीत आहे, तो १९७९ चा तो निर्णय समजू शकेल. मला ग्लेनच्या उड्डाणापेक्षा त्याचंच अप्रूप वाटतं.

तेव्हा शाळांनी हा सिनेमा जरूर दाखवावा. फक्त दिवे लागल्यावर लगेच खाऊचे पुडे वाटू नयेत. गणिताच्या बाईंनी किंवा सरांनी दहा मिनिटं उभं राहून मुलांना मिरियम मान यांचं नाव सांगावं, पाटी कशी आणि किती वेळा उचलली गेली ते सांगावं, रँडॉल्फ कोण ते सांगावं. आणि जमलंच तर मधल्या सुट्टीत आपल्या वर्गातली मुलं डबा खायला कोण कुठे बसतात, तेही एकदा जाऊन पाहावं.

आपल्याकडे माझी मागणी छोटी आहे. पुढच्या शनिवारी त्याच पानावर दुरुस्तीची चौकट छापावी, आणि चौकटीत पहारवाल्या साहेबाचा फोटो नको. कॅथरीन जॉन्सन आपल्या मेजाशी बसलेल्या आहेत असा १९६२ चा फोटो नासानं जपून ठेवला आहे. तो त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही बघायला मिळतो. तो छापावा. पत्र लांबलं आहे, जागा कमी असेल तर माझ्या डब्याचा भाग कापला तरी चालेल, मिरियमबाईंचा कापू नये.

कळावे.

आपली,
एक निवृत्त गणक
विश्रांतवाडी, पुणे